अकूस्टिक गिटार स्टेजवर: आधी प्रीअँप की आधी इफेक्ट पेडल? पारखायचं कसं, जोडायचं कसं

माझं पहिलं प्लग इन करून वाजवणं आठवलं की अजून कान गरम होतात. जवळ एक रिव्हर्ब पेडल (आवाजाला घुमारा देणारं) होतं, एक डिले (आवाज थोड्या वेळाने परत परत ऐकवणारा) होता, दोन्ही घरी रात्र रात्र बसून सेट केलेले, आणि गिटारमध्ये सॅडलखाली (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखाली) साधा पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेला पिएझो पिकअप, जो तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो. तो अशक्त सिग्नल सांभाळून पुढे देणारा प्रीअँप वगैरे काही नाही. गिटारमधून दोन पेडलं आणि तिथून वायर सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला. पहिलं गाणं साधंच वाजवायचं म्हणून दोन्ही पेडलं बंद ठेवली, पहिला स्ट्रम मारला आणि स्पीकरमधून जे आलं ती गिटार नव्हतीच, पत्र्याच्या डब्यावर तार ताणून कुणीतरी खरवडतंय असं काहीतरी होतं. घाबरून रिव्हर्ब चालू केला तर काय आश्चर्य, खर्ज परत आला, आवाज भरला, जीवात जीव आला. मग उरलेला पूर्ण वेळ रिव्हर्ब चालूच, आणि पुढचं वर्षभर मी सगळ्यांना सांगत सुटलो की अकूस्टिकला रिव्हर्ब लावला की गिटार खुलते.

साफ चूक होती. रिव्हर्बने काहीच भरलं नव्हतं. माझी पेडलं ट्रू बायपास होती, म्हणजे बंद असताना पिकअप थेट मिक्सरला जोडलेला असायचा, आणि चालू केलं की मध्ये पेडलचा बफर, म्हणजे पिकअपवरचा भार हलका करणारं सर्किट, यायचा. थोडक्यात मी नकळत रिव्हर्ब पेडलचा अर्धामुर्धा प्रीअँप करून वापरत होतो. हे ज्या दिवशी डोक्यात शिरलं त्या दिवशी प्रीअँप आणि इफेक्ट ह्यातला फरक कळला, आणि इथे मी तोच पायरी पायरीने मांडतोय, कारण अजूनही बरेच जण आधी तीन इफेक्ट घेतात आणि मग आवाज असा का येतो म्हणून डोकं खाजवत बसतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पिकअपचा सिग्नलच अर्धा मेलेला असेल तर त्याला कितीही घुमारा लावा, मेलेलाच सिग्नल घुमणार.

पायरी १: गिटारच्या पोटात काय आहे ते बघा

काहीही विकत घ्यायच्या आधी फोनचा टॉर्च लावून साउंडहोलमधून आत बघा. गिटारच्या कडेला नॉब असलेलं पॅनल आहे आणि कुठेतरी ९ व्होल्टची बॅटरी आहे? मग तुमची गिटार अॅक्टिव्ह आहे, छोटा प्रीअँप आतच बसवलाय. बॅटरी कुठेच नाही, पॅनल नाही, फक्त खाली एंड पिनला जॅक आहे, तर बहुतेक पॅसिव्ह.

मग पिकअपचा प्रकार. सॅडलखाली बारीक पट्टी असेल तर ती अंडरसॅडल पिएझो, सगळ्यात जास्त हीच दिसते. ब्रिजच्या खाली आतल्या बाजूने दोन-तीन नाण्यांसारख्या चकत्या चिकटवलेल्या असतील तर ते कॉन्टॅक्ट ट्रान्सड्युसर, हे जास्त लाकडी वाजतात पण फीडबॅकला (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून सुरू होणाऱ्या हुंकाराला) जरा लवकर बळी पडतात. साउंडहोलमध्ये आडवी पट्टी लावलेली असेल तर मॅग्नेटिक, तो तारांचा आवाज जास्त पकडतो आणि लाकडाचा कमी, म्हणून थोडा इलेक्ट्रिककडे झुकतो, पण मोठ्या आवाजात निमूट राहतो. काहींमध्ये आत छोटा माइकही असतो.

हे एवढं का बघायचं, तर पुढचा सगळा निर्णय ह्यावर आहे. अॅक्टिव्ह गिटारवाल्याला बाहेरच्या प्रीअँपची गरज असते ती ईक्यू (खर्ज, मिड, ट्रेबल कमीजास्त करायची सोय), नॉच (तो काय ते पायरी ३ मध्ये) आणि डीआयसाठी (सिग्नल लांब मिक्सरपर्यंत नीट नेणारं आउटपुट). पॅसिव्ह पिएझोवाल्याला ती असते आवाज जिवंत राहण्यासाठी.

पायरी २: इम्पिडन्सचं गणित एकदाच करा

हा शब्द आला की लोक पान उलटतात, पण दोन मिनिटं थांबा, गणित शाळेतलंच आहे. पिएझो पिकअप म्हणजे विजेच्या भाषेत जवळपास एक कपॅसिटर. तो ज्या इनपुटला जोडता त्या इनपुटचा रेझिस्टन्स (हाच तो इनपुट इम्पिडन्स) आणि पिकअपचा कपॅसिटन्स मिळून एक फिल्टर तयार होतो आणि तो खालचा आवाज कापतो. किती कापतो? पिकअप १००० पिकोफॅरडचा धरला आणि इनपुट १० मेगाओमचा असला तर कट साधारण १६ हर्ट्झला बसतो. गिटारची सगळ्यात जाडी तार ८२ हर्ट्झची, म्हणजे काहीच बिघडत नाही. तोच इनपुट १ मेगाओमचा असला, बहुतेक गिटार पेडलचा असतो तसा, तर कट १६० हर्ट्झच्या आसपास येतो आणि जाड्या ई तारेच्या मूळ स्वराची लेव्हल निम्म्याहूनही खाली जाते. आणि मिक्सरचा १० किलोओमचा लाइन इनपुट असला तर? कट १६,००० हर्ट्झला. म्हणजे अख्खी गिटारच फिल्टरच्या खाली गेली, वर उरली ती किरकिर. माझा पत्र्याचा डबा म्हणजे हेच.

म्हणून पॅसिव्ह अंडरसॅडल असेल तर प्रीअँपच्या कागदावर इनपुट इम्पिडन्स बघायचा, ५ ते १० मेगाओम असला तर उत्तम. एलआर बॅग्जचा पॅरा अकूस्टिक डीआय किंवा रेडियलचा पीझेड-प्री, हे १० मेगाओमचे आहेत. चकत्यांवाले पिकअप बरेचदा १ मेगाओमवर पण मजेत चालतात, कारण दोन-तीन चकत्या मिळून कपॅसिटन्स वाढतो. मॅग्नेटिकला १ मेगाओम भरपूर झाला. आणि गिटार अॅक्टिव्ह असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा, आतल्या प्रीअँपने इम्पिडन्स आधीच खाली आणलेला आहे, १० मेगाओमसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एक आणखी, पॅसिव्ह पिकअपला केबल लांब लावू नका. पिएझोमध्ये लांब केबलने ट्रेबल जात नाही, लेव्हल जाते, मॅग्नेटिकमध्ये मात्र ट्रेबल जाते. तीन ते सहा मीटरच्या आत ठेवा आणि पुढचं लांब अंतर डीआयच्या बॅलन्स्ड एक्सएलआर केबलवर (माइकला असते ती तीन पिनांची) सोडा, ती तीस मीटर सहज जाते.

पायरी ३: प्रीअँपवर नेमकं काय शोधायचं

दुकानात किंवा व्हिडिओत सगळे प्रीअँप छान वाजतात. स्टेजवर उपयोगी पडतात त्या गोष्टी वेगळ्याच. माझ्या अनुभवाने महत्त्व ह्या क्रमाने: नॉच, फिरता मिड, फेजचं बटण, डीआय आउट, म्यूट होणारा ट्यूनर, बूस्ट. बाकी सगळं असलं तर बरं.

नॉच म्हणजे एक बारीक खाच, ठरावीक फ्रिक्वेन्सीला आवाज खोल कापायचा आणि आजूबाजूला हात लावायचा नाही. गिटारच्या पेटीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, वरची फळी साधारण २०० च्या आसपास, आणि मोठ्या आवाजात घूंऽऽ करून जो हुंकार सुरू होतो तो बहुतेक वेळा ह्या दोनपैकी एकाचा. बेस नॉब खाली आणून पण तो थांबतो, पण मग गिटारचा सगळाच खर्ज जातो. नॉचने फक्त तेवढा एक स्वर जातो. ज्या प्रीअँपमध्ये नॉचची फ्रिक्वेन्सी फिरवता येते तो घ्या, नुसतं अँटी-फीडबॅक असं लिहिलेलं एक बटण असलं तर आधी वाजवून बघा.

फिरता मिड म्हणजे मिडची फ्रिक्वेन्सी आपण निवडायची. पिएझोचा तो जो प्लास्टिकसारखा कचकच आवाज असतो ना, तो बऱ्याचदा १.५ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. मिड थोडा वर करून फ्रिक्वेन्सी हळूहळू फिरवा, जिथे सगळ्यात घाण वाजेल तिथे थांबा, आणि मग तिथेच ३-४ डेसिबल खाली आणा. आधी वाईट शोधायचं, मग कापायचं. वाढवून आवाज सुंदर करायच्या फंदात पडू नका, कापूनच काम होतं.

फेजचं बटण फुकटचं औषध आहे. मॉनिटरमधून (स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) आलेला आवाज गिटारच्या फळीला ढकलतो, ती ढकल फळीच्या हालचालीला साथ देते की विरोध करते ह्यावर हुंकार सुरू होणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं. बटण दाबून बघायचं, ज्या बाजूला खर्ज भरलेला आणि हुंकार कमी ती बाजू. पण तुम्ही स्टेजवर दोन पावलं सरकलात की उत्तर बदलू शकतं, म्हणून हे घरी ठरवून येता येत नाही.

डीआयमध्ये एक बटण असतं प्री आणि पोस्ट असं. पोस्ट ठेवलं तर तुमचा ईक्यू समोरच्या स्पीकरला जातो, प्री ठेवलं तर कच्चा सिग्नल. साउंडवाला अनोळखी असेल तर मी पोस्ट ठेवतो, कारण कच्चा पिएझो कुणाच्याही हातात द्यायची माझी हिंमत होत नाही. साउंडवाला जाणकार असेल तर तो स्वतःच प्री मागतो.

पायरी ४: आता इफेक्ट, एकेक करून

इथे मी माझं मत स्पष्ट सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. अकूस्टिकला लागतो असा इफेक्ट एकच, रिव्हर्ब. पिएझो तारेचा आवाज अगदी सॅडलपाशी पकडतो, जिथे आपण कधीच कान लावत नाही, त्यामुळे हवा नसते आणि आवाज कोरडा ठक्क येतो. थोडा रूम किंवा प्लेट रिव्हर्ब ती हवा परत देतो. मिक्स १५ ते २० टक्के, डिके दीड सेकंदाच्या आसपास, आणि रिव्हर्बच्या आत लो कट असेल तर तो लावून टाका, नाहीतर खर्ज घुमून सगळा चिखल होतो. हॉल स्वतःच घुमणारा असेल तर रिव्हर्ब बंद. हे सांगायला सोपं आणि करायला महाकठीण, रिव्हर्ब बंद केला की कपडे काढून उभं केल्यासारखं वाटतं, पण समोर बसलेल्यांना तेव्हाच शब्द आणि सूर नीट ऐकू येतात.

डिले बोटांनी संथ वाजवणाऱ्यांना फार गोड लागतो. टेंपोशी जुळवायचा असेल तर ६०,००० ला बीपीएमने भागा, १२० च्या गाण्याला ५०० मिलिसेकंद, ९० च्या गाण्याला ६६७. डॉटेड एट्थ हवा असेल तर त्याचा पाऊण भाग, म्हणजे १२० ला ३७५. रिपीट दोन-तीनच, आणि स्ट्रमिंगवर डिले लावू नका, कुठला स्ट्रोक तुमचा आणि कुठला मशीनचा हे तालवाद्यवाल्याला कळेनासं होतं आणि तो तुमच्याकडे वळून बघायला लागतो.

कॉम्प्रेसरबद्दल जरा थांबून बोलतो कारण ह्याच्यात लोक हमखास फसतात. स्ट्रम आणि पिकिंग ह्यातली लेव्हलची दरी तो भरतो हे खरं, रेशो २ किंवा ३ ला १, अटॅक २०-३० मिलिसेकंद म्हणजे बोटाचा पहिला ठसका सुटून जातो, आणि जोरात स्ट्रम मारल्यावर ३-४ डेसिबल कमी झालं की पुरे. पण कॉम्प्रेसर करतो काय, मोठा आवाज दाबतो आणि मग आपण मेकअप गेनने सगळंच वर उचलतो. म्हणजे तुम्ही वाजवायचं थांबलात की गिटारचा माइकसारखा कान आणखी मोठा होतो. घरी हे जाणवतच नाही. स्टेजवर दोन गाण्यांच्या मध्ये बोलताना घूं सुरू झालं तर आधी कॉम्प्रेसरकडे बघा.

कोरस बारा तारांची झाक देतो, डेप्थ अगदी कमी ठेवा. ऑक्टेव्ह घ्यायचा असेल तर कॉर्ड झेपणारा पॉलिफोनिक घ्या, एकेका स्वरावर चालणारा जुना प्रकार कॉर्डवर गडबडतो. ओव्हरड्राइव्ह पिएझोवर मला कधीच आवडला नाही. लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून परत परत ऐकवणारा, मात्र एकट्याने वाजवणाऱ्याचं खरं यंत्र, पेटीवर थाप मारून ताल, त्यावर कॉर्ड, त्यावर धून. पण लूपरला फूटस्विचचा सराव लागतो, तो पायाचा रियाज वेगळा करावा लागतो.

ह्या दोघांच्या मधली एक जात आहे जी ना धड प्रीअँप ना धड इफेक्ट. फिशमनचा ऑरा, एलआर बॅग्जचा व्हॉइसप्रिंट, टीसी इलेक्ट्रॉनिकचं बॉडीरेझ, बॉसच्या एडी-२ मधला रेझोनन्स. पिएझोने जी लाकडाची पेटी गमावली ती परत आणायचा प्रयत्न हे करतात. ऑरा माइकने घेतलेल्या आवाजाच्या छापांचा वापर करतो, व्हॉइसप्रिंट फोनच्या ॲपने तुमच्याच गिटारचं माप घेतो. चालतात का? चालतात, कमी मिसळले तर. मी ३० ते ४० टक्क्यांच्या वर जात नाही. १०० टक्के केलं की एकटं ऐकायला माइक लावल्यासारखं सुंदर, आणि बँडमध्ये मोठ्या आवाजात तीच पेटी हुंकार द्यायला लागते, कारण पेटीचे घुमणारे स्वर तुम्ही स्वतःच परत आणलेत.

पायरी ५: सुटं घ्यायचं की सगळं एकाच डब्यात

बॉस एडी-१० सारख्या डब्यात प्रीअँप, रेझोनन्स, कॉम्प्रेसर, कोरस, डिले, रिव्हर्ब, लूपर, ट्यूनर, फीडबॅक रोखायची सोय, सगळं आहे. झूमचं ए१ फोर पण मल्टी इफेक्टच, लूपरसकट. एक पॉवर, दोन केबल, बॅग हलकी. जो महिन्यातून दोनदा वाजवतो आणि स्वतःच सगळं उचलतो त्याला मी हाच रस्ता सांगेन.

सुट्या पेडलांची गंमत अशी की एक बिघडलं तर बाकीची चालतात, आणि प्रत्येक नॉब डोळ्यासमोर असतो. अंधारात वाकून मेनूत शिरायचं आणि तिसऱ्या पानावर रिव्हर्ब शोधायचा हे ज्याने एकदा केलंय त्याला नॉबची किंमत कळते. पण प्रत्येक पेडलसोबत दोन जॅक आणि एक पॉवरची वायर वाढते आणि बिघाड बहुतेक तिथेच होतो, पेडलमध्ये नाही.

डिजिटल डब्यात आवाज उशिरा येतो अशी तक्रार ऐकू येते. दोन-तीन मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकरपासून मीटरभर लांब उभं राहण्याइतकाच, हाताला जाणवत नाही. पण एक सापळा आहे. गिटारचा थेट सिग्नल एका चॅनलला आणि डिजिटल पेडलचा दुसऱ्या चॅनलला असं दोन्ही मिक्सरमध्ये एकत्र करू नका, तेवढ्या उशिराने दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि गिटार नळातून आल्यासारखी पोकळ वाजते.

तर पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: पॅसिव्ह पिकअपवाल्याने आधी चांगला प्रीअँप डीआय, मग सहा महिन्यांनी रिव्हर्ब. अॅक्टिव्हवाल्याने आतला ईक्यू पुरत असेल तर साधा डीआय आणि रिव्हर्ब, आणि मोठ्या आवाजात वाजवायची वेळ येऊ लागली की नॉचवाला प्रीअँप.

पायरी ६: दोन प्रीअँप ऐकून तुलना कशी करायची

कानाला जरा मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो, आणि अर्धे निर्णय इथेच चुकतात. दोन्ही प्रीअँपची लेव्हल मिक्सरच्या मीटरवर बघून सारखी करा, मगच ऐका. ईक्यू दोन्हीकडे मध्यावर. हेडफोनवर नाही, स्पीकरवर, आणि जितक्या आवाजात वाजवणार तितक्या आवाजात. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमीच ऐकू येतो, म्हणून घरी आपण बेस वाढवतो आणि तोच सेटिंग स्टेजवर नेला की ढब्ब ढब्ब.

एकच तुकडा परत परत सारखा वाजवणं अवघड, म्हणून बरेच जण आधी लूपरवर रेकॉर्ड करून तो लूप दोन्ही प्रीअँपमधून ऐकतात. युक्ती चांगली, पण पॅसिव्ह पिकअप असेल तर त्यात गफलत आहे, पिकअपला इनपुट लूपरचा मिळतो, प्रीअँपचा नाही, म्हणजे जे तपासायचं तेच सुटलं. ईक्यूची तुलना लूपने करा, खर्जाची तुलना हाताने वाजवून. जाडी ई तार मोकळी सोडून एकदा इकडे एकदा तिकडे वाजवा, फरक असला तर लगेच कळतो. शेवटी मित्राला वाजवायला लावून स्वतः समोर दहा पावलांवर जाऊन उभे राहा. वाजवताना गिटार पोटाला लागलेली असते, हाडातून ऐकू येणाऱ्या आवाजाने आपण फसतो.

पायरी ७: जोडायचा क्रम

गिटार, मग ट्यूनर, मग प्रीअँप, मग कॉम्प्रेसर, कोरस, डिले, रिव्हर्ब, आणि शेवटी डीआय. पॅसिव्ह पिएझो असेल तर ट्यूनर पण प्रीअँपच्या नंतर, किंवा प्रीअँपचाच ट्यूनर वापरा, कारण बफरवाला ट्यूनर आधी आला की इम्पिडन्स त्याचाच धरला जातो आणि मागच्या १० मेगाओमचा उपयोग शून्य. कॉम्प्रेसर ईक्यूच्या आधी की नंतर ह्यावर लोक भांडतात. मी नंतर ठेवतो, आधी घाण कापायची, मग दाबायचं.

आता एक जागा जिथे हमखास गोची होते. तुमच्या प्रीअँपमध्येच डीआय आउट आहे आणि रिव्हर्ब तुम्ही प्रीअँपच्या पुढे जोडलाय. तुमच्या छोट्या अँपमधून रिव्हर्ब ऐकू येतोय, तुम्ही खूश, आणि समोरच्या स्पीकरला मात्र डीआयमधून कोरडी गिटार जातेय. ह्याला उपाय दोन, एकतर प्रीअँपमध्ये इफेक्ट लूप (सिग्नल बाहेर पेडलांकडे पाठवून परत आत घ्यायची सोय) असेल तर इफेक्ट त्या लूपमध्ये टाका म्हणजे डीआय त्यांच्या नंतर येतो, किंवा साखळीच्या शेवटी वेगळा डीआय बॉक्स लावा. काही प्रीअँपमध्ये लूप एकाच स्टिरिओ जॅकवर असतो, त्याला वाय केबल लागते, ती आधीच बॅगेत टाका, ऐन वेळी कुणाकडेही नसते.

पायरी ८: पॉवर आणि ती गुणगुण

बहुतेक पेडलं ९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, पोलॅरिटी जुळली पाहिजे, आणि मिलिअँपिअर पेडलला लागतात तितके किंवा जास्त. जास्त असले तर काही होत नाही, कमी असले तर डिजिटल पेडल मध्येच बंद पडतं नाहीतर चिरचिरतं. एकाच अॅडॉप्टरवरून माळ करून चार पेडलं चालवली तर अॅनालॉगवाली तक्रार करत नाहीत, पण त्यात एक डिजिटल घुसलं की मागे किणकिण ऐकू येते. वेगवेगळ्या आयसोलेटेड आउटपुटचा सप्लाय घेतला की हा त्रास मिटतो.

जाडसर हम येत असेल तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा अचाट उपाय कुणी सुचवला तर त्याच्या नादी लागू नका, त्यात शॉकचा धोका आहे.

काही डीआय मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर (मिक्सरकडून एक्सएलआर केबलमधूनच येणाऱ्या पॉवरवर) चालतात. सोय मोठी, पण फँटम चालू-बंद करताना चॅनल म्यूट असू द्या नाहीतर स्पीकर धाड करून दचकवतो.

पायरी ९: साउंडचेक, सावकाश

सगळे इफेक्ट बंद. गिटारचा आतला व्हॉल्यूम असेल तर पाऊण. आयुष्यात जितक्या जोरात मारणार तितक्या जोरात स्ट्रम मारा आणि प्रीअँपचा गेन तिथपर्यंत न्या जिथे क्लिपचा लाल दिवा लागतो, मग थोडा मागे. लोक इथे हळू वाजवून गेन लावतात आणि शेवटच्या गाण्यात जोशात सगळं फाटतं.

मग मॉनिटर. ज्या जागी वाजवणार तिथेच उभे राहा, तारांवर तळहात हलका ठेवा, आणि साउंडवाल्याला मॉनिटर हळूहळू वाढवायला सांगा. कुठेतरी घूं सुरू होईल. घाबरून हात वर करू नका, त्याला तिथेच धरून ठेवायला सांगा आणि ट्यूनरकडे बघा, तो हुंकाराचा स्वर दाखवतो. जी दिसला तर ९८ हर्ट्झ, जी शार्प तर १०४, ए तर ११०, किंवा कानाला वरच्या सप्तकातला वाटला तर त्याची दुप्पट. नॉचचा नॉब त्या आकड्याजवळ न्या आणि अगदी बारीक बारीक फिरवा. बरोबर जागा सापडली की हुंकार असा विरतो जणू कुणी खोलीचं दार लावून घेतलं. मग फेजचं बटण एकदा दाबून बघा, आणखी फायदा झाला तर ठेवा. तरीही दुसऱ्या जागेवर घुमत असेल तर साउंडहोलचं रबरी झाकण लावा. दिसायला कसंसंच, पण काम करतं.

आता रिव्हर्ब चालू, घरी ठेवता त्याच्या निम्मा. बूस्टला ३ ते ६ डेसिबल, आणि तो हुंकाराला उठवत नाही ना हे आत्ताच बघा, ऐन सोलोत नको. प्रत्येक पेडल एकदा चालू आणि एकदा बंद करा, लेव्हल उडी मारत नाही ना एवढं ऐका.

नॉबच्या सगळ्या जागांचा फोनवर फोटो काढून ठेवा. बॅगेत जास्तीची ९ व्होल्टची बॅटरी, एक जास्तीची केबल. अॅक्टिव्ह गिटारचा जॅक कार्यक्रम संपला की काढून टाका, बऱ्याच गिटारमध्ये जॅक लावला की आतला प्रीअँप चालू होतो आणि रात्रभर जॅक तसाच राहिला तर सकाळी बॅटरी मेलेली. आणि सगळी पेडलं एका झटक्यात बंद पडली तर काय, ह्याचं उत्तर आधी ठरवून ठेवा. मी प्रीअँप मुद्दाम बॅटरीवर चालणारा ठेवलाय, पेडलबोर्डच्या पॉवरवर नाही. एकदा भर कार्यक्रमात बोर्डचा अॅडॉप्टर मेला तेव्हा गिटारची केबल बोर्डातून ओढून सरळ प्रीअँपमध्ये घुसवली आणि गाणं तसंच कोरडं पूर्ण केलं, खाली आल्यावर दोघांनी विचारलं की मधल्या गाण्यात गिटार एवढी स्वच्छ कशी काय वाजत होती.